पश्चिमेच्या भिंतीवरचा सूर्य

अव्वा,

गेल्या मंगळवारी मी जादूघरात जाऊन आले, आणि तेही पुढच्या दाराने. तू बावीस वर्षं तिथे स्वयंपाकाला होतीस, पण मी मागच्या स्वयंपाकघरातल्या तुझ्या चुलीपलीकडे कधी गेले नाही, आणि तिथेही मोजून तीन-चारदाच. आता सासष्टाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून पाच पायऱ्या चढले. कुलूप गंजून एकजीव झालेलं होतं. ते फोडायला आणलेला माणूस काम झाल्यावर बाजूला सरकला आणि म्हणाला, "तुमी व्हा म्होरं बाई. तुमच्या आईचंच घर हाय हे." तुला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती इमारत अजून तुझीच आहे.

जायचं कारण असं की आपल्या पुरसभेची, म्हणजे नगरपालिकेची, अध्यक्षा माझी जुनी विद्यार्थिनी आहे. सहावी 'ब' मधली, बडबडी, पण मनाने चांगली. तिने ठरवलंय की इमारत पाडून दुकानांचे गाळे काढायचे नाहीत, तिथे मुलींसाठी अभ्यासिका करायची. दारावर एक फलक लागणार, कानडीत आणि मराठीत, इमारतीचा इतिहास सांगणारा. वीस ओळींचा. ती घरी आली, चहा प्याली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच लिहा. गावात दुसऱ्या कुणाला त्यातलं काय ठाऊक हाय?" मलाही काही ठाऊक नव्हतं, पण हे कबूल करायला जीभ रेटली नाही. चाळीस वर्षं मी तुझ्या त्या नोकरीचा विषय घरात निघू दिला नव्हता, आणि आता सरकारी कागदावर तोच विषय माझ्या गळ्यात आला.

जे सगळ्या गावाला माहीत होतं तेवढं मलाही होतं. निजामाच्या राज्यात रेल्वेचे, कोर्टाचे, तहसिलीतले काही लोक आणि दोन-चार व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी ते दगडी घर बांधलं. ते त्याला लॉज म्हणत, म्हणजे त्यांच्या गुप्त मंडळाची शाखा. गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला आलेले लोक उतरतात तसलं नव्हे. इथे कुणी राहत नसे. पुनवेच्या जवळच्या शनिवारी संध्याकाळी ही मंडळी जमत, म्हणजे जाताना चांदण्याचा उजेड मिळे. दार आतून बंद होई. मुसलमान, ब्राह्मण, लिंगायत, ख्रिस्ती, सगळे एकमेकांना भाई म्हणत आणि आत काय चालतं ते बायकोलाही सांगत नसत. जे सांगितलं जात नाही ते लोक स्वतः तयार करतात. आत माणसाची कवटी आहे, नव्या माणसाला डोळे बांधून बोकडावर बसवतात, असं काय काय बोललं जाई, आणि म्हणून नाव पडलं जादूघर. आप्पा वारल्यावर तू त्या मंडळींचा स्वयंपाक धरलास, तेव्हा शेजारणी मला विचारायच्या, "तुझ्या अव्वानं बोकूड बघितला का गं?" मी त्यांचं म्हणणं तुझ्यापर्यंत आणलं, तर तू भाकरी थापत म्हणालीस, "बघितला की. रोज कडबा टाकायलेय त्याला." तुझ्याकडून यापेक्षा जास्त कधी निघालं नाही.

तर आत काय होतं, ते सांगते. एक लांबट दालन. फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची, त्यातली काळपट आपल्याकडची शहाबादी. छत निळं, त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे तारे असणार. मोडके बाक आणि कबुतरांची घाण. कवटी नव्हती, मी मुद्दाम शोधली. दारातून शिरलं की समोरच्या भिंतीशी तीन पायऱ्यांचा चौथरा आणि त्यावर उंच पाठीची एक खुर्ची. खुर्चीच्या वर भिंतीवर हा एवढा मोठा सूर्य रंगवलेला, डोळे-नाक असलेला, सोनेरी रंग विटून हळदीचा झालेला. सूर्याखाली दोन लिप्यांत काहीतरी लिहिलं होतं. अध्यक्षेने इंग्रजी वाचलं, "ईस्ट". कुलूप फोडणाऱ्याला उर्दू येत होतं, तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "मशरिक. म्हंजे पूर्व."

मी तर पूर्वेच्या दारातून आत आले होते. सकाळचं ऊन माझ्या पाठीवर होतं. तरी पिशवीतून तू दिलेलं होकायंत्र काढलं, चौकटीवर ठेवलं, सुई थांबेपर्यंत वाट पाहिली. सूर्याची भिंत पश्चिमेची होती, त्यात गल्लत व्हायला जागाच नव्हती. अध्यक्षा खो खो हसली. म्हणाली, "बाई, ह्यांना पण तुमच्या आईसारखीच पूर्व कळत नव्हती बघा." तिचं हसणं निर्मळ होतं. मी मात्र होकायंत्र पिशवीत परत टाकलं.

ती असं का म्हणाली ते तुला ठाऊक नाही, कारण तुझ्यावरचं ते हसणं तुझ्यासमोर एकदाच घडलं. तुला तो दिवस आठवत असेल. मला भूगोलाची शिक्षिका म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. शाळेतल्या दोघी शिक्षिका माझ्याबरोबर होत्या, आणि घराची किल्ली तुझ्याकडे राहिली म्हणून आम्ही जादूघराच्या मागच्या अंगणात आलो. तू वांग्यांत शेंगदाण्याचं कूट भरत होतीस. वीजवाला दालनातला बंद पडलेला दिवा बघायला आला होता. त्याने विचारलं कुठला दिवा, तर तू सहज म्हणालीस, "पूर्वेच्या भितीवरचा, खुर्चीच्या वरचा." तो आत जाऊन परत आला. "आक्का, पूर्वेला तर दारच हाय. कुठला दिवा म्हनायलात?"

मी हसले. नुसती हसले असते तर ठीक होतं. मी त्या दोघींकडे वळून म्हणाले, "बघा, मी पोरींना दिशा शिकवते आणि माझ्याच घरात पूर्व-पश्चिमेचा पत्ता नाही." त्या हसल्या, वीजवालाही हसला. तू हातातलं वांगं खाली ठेवलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि मग त्याला म्हणालीस, "मी अडाणी बाई. मला काय कळायलंय दिशातलं? तिकडल्या अंगाचा बघ बाबा." तुझा आवाज नेहमीचाच होता. मला वाटलं, विषय संपला.

विषय मी संपवलाच नाही, अव्वा. दिशांचा धडा सहावीला पहिला. पोरी नव्या असतात, घाबरलेल्या असतात, त्यांना हसवावं लागतं. मी टेबलावर होकायंत्र ठेवून सांगायची, "माझी आई बावीस वर्षं एका घरात राबली, पण त्या घराचं दार कुठल्या दिशेला ते तिला सांगता येईना. तुम्ही तसं करू नका." वर्ग हसायचा. दोन तुकड्या, चौतीस वर्षं. आता त्या पोरी आज्या व्हायला लागल्या आहेत आणि बाजारात भेटल्या की सगळ्यात आधी त्यांना तुझी गोष्टच आठवते. ते होकायंत्र तूच मला दिलंस, त्या दिवसानंतर महिन्याभराने. फडक्यात गुंडाळून आणलंस आणि म्हणालीस, "घे. तुझ्या पोरींना दाखीव." मला वाटलं, तू चूक मान्य केलीस. मी तुला माफसुद्धा करून टाकलं.

आणि त्याच वर्षी मी तुला काम सोडायला सांगितलं. माझा पगार पुरत होता. शिवाय उदगीरचं स्थळ येत होतं, आणि माझी आई जादूघरात बारा बाप्यांचं जेवण करते हे मला सांगायचं नव्हतं. तू मला कशालाही नाही म्हणत नसायचीस. त्या दिवशी म्हणालीस.

"तुला कामून लाज वाटायली?"

"लाज नाही गं. लोक बोलतात."

"लोक काय, बोलायलेतच. तू तुझ्या शाळंत जा. मला माझं हाय तितं."

मला माझं हाय तितं. त्यावर मी महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही. तुझं तिथे काय असणार, एक चूल आणि एक परात, असं मी मनात म्हणत राहिले. मंगळवारी त्या उलट्या सूर्यासमोर उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तुझी ती पूर्व चुकीची नव्हती, ती भिंतीवर लिहिलेली होती. मग स्वयंपाकघरातल्या बाईला, वाचता न येणाऱ्या बाईला, ती कशी कळली? आणि कळली होती तर मी हसले तेव्हा तू सांगितलं का नाहीस?

त्या मंडळींपैकी एकच जण आता जिवंत आहेत, वकीलसाहेब. तुझ्या वेळी ते सगळ्यात लहान होते. नव्वदी उलटली, नातवाकडे गुलबर्ग्याला असतात. (कलबुर्गी म्हणायचं असतं आता, पण माझ्या तोंडात बसत नाही.) गुरुवारी सकाळच्या बसने गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. कानाने कमी, डोळ्यांनी त्याहून कमी, पण मी तुझं नाव घेतल्याबरोबर नातसुनेला म्हणाले, "बेटा, खुर्ची आण. चांगली वाली."

आधी त्यांनी उलट्या सूर्याचं सांगितलं, आणि सांगताना इतके रंगले की चहा निवला. "माझ्या आधीची बात हाय, ऐकीव. नकाशात दार पश्चिमेला होतं. वडील भाई, म्हंजे आमचा मुखिया, पूर्वेला बसनार, सूर्य तिकडून येतो म्हनून. पर मिस्त्री होता मुडबीचा. हाताला सफाई अशी की विचारू नको, अन् डोकं दगडाचं. त्यानं नकाशा बघितला अन् फिरवून धरला. म्हनला, पश्चिमेला तोंड करून मी घर बांधनार न्हाई, मला लेकरंबाळं हायेत. साहेबलोक तिकडं हैदराबादला. आले तवा भिती छातीएवढ्या."

"मग पाडल्या नाहीत?"

"भांडन झालं तर. निम्मे म्हनायले पाडा, निम्मे म्हनायले राहू द्या. मग वडील भाई बोलले, सूर्य कुठून काढायचा ते आपल्या हातात न्हाई, पर आपल्या खोलीत पूर्व कशाला म्हनायचं ते तर हाय? रंगारी बोलावला. त्या दिसापासून त्या दाराच्या आत पश्चिम ती पूर्व. बाहेर आलं की पुन्हा जशी होती तशी." मग गालात हसले. "आम्हा मुसलमान भाईंना तर सोयीचंच झालं. नमाजला बी तोंड तिकडंच."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. एका मिस्त्रीच्या हट्टापायी बारा शिकलेल्या माणसांनी दिशा बदलून घेतली, आणि गावाला पत्ता नाही. मी वही काढून लिहून घेतलं. ते म्हणाले, "लिही, लिही. भितीवर रंगवलेलं काय लपवायचं." मग मी विचारलं, "वकीलसाहेब, माझ्या अव्वाला हे कसं ठाऊक होतं?"

ते नातसुनेला म्हणाले, "बेटा, आत जा अन् जरा दार ओढून घे." मग मला म्हणाले, "वही मिट."

अव्वा, तुझी गोष्ट तुलाच सांगते आहे, म्हणजे यात कुणाची शपथ मोडत नाही असं मी धरून चालले आहे.

स्वयंपाकघर मागाहून जोडलेलं, आणि मधली भिंत एका विटेची. आत जे म्हणायचं असतं ते सगळं पाठ म्हणावं लागे, कागद बघायची मुभा नव्हती. निम्म्या भाईंना इंग्रजी येत नव्हतं म्हणून उर्दूत करून घेतलेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं मोठं लांब पाठांतर होतं आणि ते दर वेळी एकाच जागी अडखळत. एका शनिवारी आठवण करून देणारे भाई तापाने आले नव्हते. डॉक्टर अडले. मध्येच दुसऱ्या कुणी बोलायचं नाही असा नियम. सगळे खाली बघत बसलेले. आणि भिंतीतून शब्द आला.

"डॉक्टरसाहेबांनी तो शब्द घेतला अन् सरळ म्हनत गेले शेवटपर्यंत," वकीलसाहेब म्हणाले. "संपल्यावर कुनाच्या तरी ध्यानात आलं. मग अंगावर काटा."

तुला बोलावलं. किती दिवसांपासून ऐकायलीस, असं विचारलं. तू म्हणालीस, नऊ वर्षं. कुणाकुणाला सांगितलंस? तू म्हणालीस, "सांगाया आपलं थोडंच हाय ते?" म्हणून दाखव म्हणाले, तर तू सगळं म्हणून दाखवलंस, डॉक्टर दर वेळी गाळायचे त्या दोन ओळींसकट. आपल्या समाजातले डाळीचे व्यापारी म्हणाले, हिला काढून टाका, बाई माणूस, उद्या पाणवठ्यावर बोलेल. तेव्हा दुसरे, मिशनच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर, त्या साली तेच वडील भाई होते, ते म्हणाले की आपण शपथ घेऊन गुपित राखतो, या बाईने शपथेवाचून नऊ वर्षं राखलं. मग शपथ कुणाला जास्त शोभते?

तुला शपथ दिली. दिली म्हणजे तू घेतलीस, त्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर, सूर्याकडे तोंड करून. मेजावर कुराण होतं, गीता होती, बायबल होतं. कशावर हात ठेवतेस, असं विचारलं. तू गळ्यातलं इष्टलिंग काढलंस, डाव्या तळहातावर धरलंस आणि म्हणालीस, "आमचा देव आमच्यापाशीच असतोय." हे सांगताना वकीलसाहेबांनी आपला रिकामा डावा तळहात पुढे केला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

वहीत तुझं नाव घातलं नाही. घालताच आलं नसतं, वरच्या लोकांनी ती शाखाच बंद केली असती. पण त्या दिवसापासून पद्धत पडली. सगळ्यांची जेवणं झाली की तुला मेजाशी खुर्ची द्यायची आणि भाईंपैकी एकाने तुला वाढायचं. पाळीपाळीने. तहसीलदारांनी वाढलं, डॉक्टरांनी वाढलं, तुला काढून टाका म्हणणाऱ्या त्या डाळवाल्यांनीही वाढलं. "माझी पाळी आली तवा पळी धरून थांबलो," वकीलसाहेब म्हणाले. "लिंगायताची विधवा बाई, मुसलमानाच्या हातचं खाईल का न्हाई? तिनं ताट पुढं केलं अन् म्हनली, भाई, ही गोड हुग्गी जरा जास्त वाढा." होकायंत्रही वकीलसाहेबांनीच हैदराबादहून आणून दिलेलं. तू मागितलं होतंस. कुणासाठी ते सांगितलंस, माझं हसणं सांगितलं नाहीस.

घरी तू नेहमी शेवटी जेवायचीस. चुलीपुढे, भिंतीला टेकून, परातीतच. मी तुला एकदा तरी वाढलं का, ते बसमध्ये आठवत आले. आजारपणात वाढलं. तेवढंच.

निघताना वकीलसाहेबांनी सांगितलं, "बारांतले अकरा गेले. तुझी अव्वा गेली. ही बात मी कबरीत न्यावी का तुला द्यावी, दोन वर्सं इचार करायलो. आता दिली. फळीवर लिहायची का न्हाई, तू ठरव. तू तिची लेक हायेस."

त्यांनी माझ्या हातात काय दिलं ते तुझ्या लक्षात येतंय ना? एक ओळ लिहिली की झालं. ज्या गावाला मी चौतीस वर्षं तुझ्यावर हसायला शिकवलं, त्याला दारातच कळलं असतं की त्या घरातली तेरावी भाई तू होतीस. मुली रोज अभ्यासाला येताना वाचतील, आपल्या आयांना सांगतील. मला ती ओळ लिहायचीच होती. शुक्रवारी लिहिली. चांगली झाली होती. शनिवारी वाचली आणि वाटलं, तू दिवसाढवळ्या लेकीचं हसणं गिळलंस ते हीच ओळ लपवण्यासाठी. "पूर्वेच्या भितीवरचा" एवढं तोंडातून निसटलं, आणि ते झाकायला तू चारचौघांत अडाणी झालीस. ती ओळ मी लिहिली तर मी तुझ्यावर दुसऱ्यांदा हसल्यासारखं होईल. खोडली.

आज सकाळी अध्यक्षा मजकूर न्यायला आली. मुडबीच्या मिस्त्रीचं वाचून तिला फार गंमत वाटली. तुझ्यावर, नावाऐवजी माहेरचं गाव घालून, एकच ओळ ठेवली आहे: इथला स्वयंपाक कमठाण्याच्या एका बाईने बावीस वर्षं केला. ती वाचता वाचता थांबली.

"बाई, म्हणजे तुमची आई बरोबर होती की."

"हो. बरोबर होती."

"मग आम्हाला वर्गात..."

"चुकीचं शिकवलं. तुझ्या वर्गातल्या ज्या ज्या भेटतील त्यांना सांग."

ती हो म्हणाली. पण पोरगी हुशार आहे, मीच शिकवलेली. तिने विचारलं, "पण बाई, बायकांना तर आत घेत नव्हते ना? मग त्यांना आतली पूर्व कशी कळली?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "झाडलोट करायला जायची ना ती. फरशी पुसायला. त्यात कानावर पडलं असेल."

"हां, तसं असेल," ती म्हणाली, कागद पिशवीत घातला आणि गेली. म्हणजे आता गावाच्या लेखी तू स्वयंपाकीण होतीस, त्याच्या जोडीला झाडूवालीही झालीस, आणि तुला ते करणारी मीच. तिच्या मागे दार लावलं आणि तिथेच दाराशी खाली बसले. तुला वीजवाल्यापुढे काय वाटलं असेल त्यातलं थोडंसं आज मला कळलं, असं मला वाटतं. कदाचित नसेलही कळलं. तुझ्यासमोर हसणारी तुझी लेक होती.

हे पत्र कुणाच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की चुलीत घालायचं ठरवलंय. गॅसच्या शेगडीवर कागद जाळणं म्हणजे उगाच धूर, पण बघू.

वकीलसाहेबांकडचं एक सांगायचं राहिलं. मी चप्पल घालत होते, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "बेटी, तुला तिनं कधीच काय सांगितलं न्हाई? मरताना बी?" मी म्हणाले, "न्हाई." "एक लफ्ज बी न्हाई?" "न्हाई." त्यांनी बाजेच्या काठावर थाप मारली. "वा," म्हणाले, "पक्की भाई." त्यांचे डोळे भरून आले होते. तिथे मला तुझा अभिमान वाटायला हवा होता, आणि वाटलाही, नंतर, बस हुमनाबादच्या पुढे आल्यावर. पण त्या क्षणी त्या म्हाताऱ्या माणसाचा मला हेवा वाटला. तुझ्या शेवटच्या दहा दिवसांत मी तुझ्या उशाशी होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अव्वा, तू शपथ मोडायला हवी होतीस. एकदाच, माझ्यापाशी.